विभागाची वेबसाइट: सारखे सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

जून आला की अ‍ॅडमिशनची गडबड चालू होते आणि आमच्या, म्हणजे सगळ्या विभागांच्या साइट सांभाळणाऱ्या मध्यवर्ती टीमच्या, टेबलावरचा फोन खाली ठेवायला सवड मिळत नाही. प्रश्न मात्र तेच ते, फक्त विभाग वेगळा. म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून टाकलंय. ज्यांना फोनवर उत्तर दिलंय त्यांनी पण वाचा, कारण फोनवर मी घाईत असतो आणि अर्धं सांगायचं राहून जातं.

मध्यवर्ती टीम नेमकं काय करते आणि आम्ही काय करायचं?

सोलापूरची संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा डोळ्यासमोर आणा. होम मैदानावर जागा आखून देणं, लाइट, पाणी, बंदोबस्त हे एकीकडून होतंय, पण स्टॉलवर भांडी मांडायची का खेळणी ते ज्याचं त्यानं बघायचं. इथं पण तसंच. सर्व्हर, सिक्युरिटी, अपडेट, बॅकअप, डिझाइनचा साचा, वर सगळीकडं सारखं दिसणारं हेडर आणि मेन्यू हे आमचं. अभ्यासक्रम, वेळापत्रक, शिक्षकांची माहिती, नोटीस, फोटो हे तुमचं. तुमच्या विभागात यंदा कोणता पेपर बदलला, कोणते सर रिटायर झाले हे आम्हाला कळायचा काही मार्ग नाही, आणि तरी दर आठवड्याला एक फोन येतो की "आमच्या पानावर अजून जुन्या एचओडींचा फोटो आहे, तुमचं लक्ष नाही का". सर, तो फोटो तुम्हीच बदलायचाय, दोन मिनिटांचं काम आहे, कसं ते दाखवतो.

आमच्या विभागाची वेगळी साइट केली तर काय बिघडतंय? एक विद्यार्थी फुकट करून द्यायला तयार आहे.

विद्यार्थी हुशार असेल, साइट पण चांगली करेल, त्यात वादच नाही. पण तो दोन वर्षांनी पुण्याला नोकरीला जातो, पासवर्ड त्याच्या जीमेलवर, डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याच्या कार्डवर घेतलेलं, आणि रिन्यू करायची तारीख कोणाच्याच लक्षात नाही. डोमेन सुटलं की कोणीही ते विकत घेऊ शकतंय आणि त्यावर जुगाराच्या जाहिराती लावू शकतंय, आणि तुमच्या जुन्या माहितीपत्रकावर मात्र तोच पत्ता छापलेला राहतो. आपल्याकडच्या शिक्षणसंस्थांचे पत्ते एसी डॉट इन मध्ये असतात, ते अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडून आपल्या संस्थेच्या नावावर मिळतात, कोणा एका माणसाच्या नावावर नाही, हा त्यातला मोठा फायदा. विभागाला त्याच पत्त्याखाली जागा मिळते.

दुसरं म्हणजे साइट एकदा करून भागत नाही, तिला दाणापाणी लागतं. द्रुपल ७ या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर केलेल्या कितीतरी साइट होत्या जगात, त्याचा अधिकृत सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला बंद झाला. ज्यांच्याकडं बघायला माणूस होता त्यांनी आधीच हलवलं. ज्यांच्याकडं नव्हता त्यांच्या साइट तशाच उघड्या पडल्या. विभागातच कुठंतरी कोपऱ्यात ठेवलेला सर्व्हर हा तर वेगळाच विषय. सोलापूरचा मे महिना, पारा चाळीसच्या वर, सुट्टीत एसी बंद, आणि जूनमध्ये आल्यावर म्हणायचं मशीन चालू होत नाही.

आणि एक उदाहरण देतो. २०१९ मध्ये सोलापूर विद्यापीठाचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असं झालं. आता असं नाव बदललं की साचा एक असेल तर हेडरमध्ये एका ठिकाणी बदलायचं आणि सगळ्या पानांवर बदललं. पंधरा विभागांच्या पंधरा साइट असतील तर पंधरा जणांच्या मागं लागायचं, त्यातल्या चौघांचा पासवर्ड हरवलेला.

कोणतं सॉफ्टवेअर वापरतो आपण?

वर्डप्रेस. २००३ मध्ये ब्लॉग लिहायला म्हणून आलेलं, आता जगातल्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त साइट त्याच्यावर आहेत. त्यात २०१० पासून मल्टिसाइट नावाची सोय आहे, म्हणजे सॉफ्टवेअर एकच, त्याच्या पोटात साइट अनेक. अपडेट एकदा मारलं की सगळ्यांचं होतं. तोटा पण तिथंच आहे, एक भोक पडलं तर पाणी सगळ्यांच्या घरात. म्हणून कोणतंही प्लगिन, म्हणजे वरून जोडायचं जादा सॉफ्टवेअर, मागितलं की आम्ही लगेच हो म्हणत नाही, त्यात आमचा आडमुठेपणा नाही.

आम्हाला अ‍ॅडमिन का देत नाही?

कारण तुम्हाला त्याची गरज नाही. पानं बदलायला, फोटो टाकायला, नोटीस लावायला एडिटर हा रोल भरपूर झाला. ऑथर असेल तर तो स्वतःच्या बातम्या टाकू शकतो पण विभागाची पानं बदलू शकत नाही. काँट्रिब्युटर लिहू शकतो पण प्रसिद्ध करू शकत नाही आणि फाइलही चढवू शकत नाही, विद्यार्थी प्रतिनिधीला हा रोल चांगला, त्यानं लिहायचं, मॅडमनी वाचून पब्लिश दाबायचं.

एकच लॉगिन सगळ्यांत वाटून घेऊ नका ही मात्र हात जोडून विनंती. "आमचा पासवर्ड बोर्डावर लिहिलाय, कोणालाही विचारा" असं मला एकदा एका विभागात अभिमानानं सांगितलं होतं.

गूगल फॉर्मचा एम्बेड कोड टाकला, सेव्ह केल्यावर गायब झाला. साइट खराब आहे का?

खराब नाही. मल्टिसाइटमध्ये एडिटरनं, अगदी एकेका साइटच्या अ‍ॅडमिननं पण, टाकलेला आयफ्रेम (बाहेरचं पान आत दाखवणारा) किंवा स्क्रिप्टचा कोड वर्डप्रेस सेव्ह करताना गाळून टाकतं, मुद्दाम, कारण असल्या कोडमधूनच उद्योग केले जातात. एरर काही दाखवत नाही, गुपचूप काढतं, त्यामुळं माणूस चार वेळा तोच कोड पेस्ट करत बसतो आणि शेवटी चिडून आम्हाला फोन करतो. फॉर्मची नुसती लिंक द्या, बटण करून द्या, फोनवर तर ते जास्त बरं उघडतं. यूट्यूबचा व्हिडिओ असेल तर कोड लागतच नाही, त्याचा पत्ता एका वेगळ्या ओळीत नुसता पेस्ट केला की व्हिडिओ आपोआप दिसतो.

नवीन वेळापत्रक टाकलं तरी पोरं म्हणतात जुनंच दिसतंय.

हा प्रश्न नंबर एकचा. नीट वाचा, कारण यात तुम्हाला वाटतंय ते आणि होतंय ते वेगळं आहे.

तुमच्या फाइलचं नाव समजा वेळापत्रक पीडीएफ. ती चढवली. पुढच्या आठवड्यात दुरुस्त केली आणि त्याच नावानं परत चढवली. तुम्हाला वाटलं जुनीच्या जागी नवी बसली. तसं होत नाही. वर्डप्रेस जुन्या फाइलला हात लावत नाही, नव्या फाइलच्या नावापुढं वजा एक असा आकडा जोडतं आणि दोन्ही ठेवतं. पानावरची लिंक मात्र अजून पहिल्याच फाइलकडं बोट दाखवत उभी. म्हणजे फाइल चढवली पण लिंक बदलली नाही. त्यामुळं पान उघडा, जुनी लिंक काढा, नवीन फाइलची लावा, आणि मीडिया लायब्ररीत जाऊन जुनी डिलीट करा. हे शेवटचं लई महत्त्वाचं, कारण पानावरून लिंक काढली म्हणून फाइल मरत नाही, ती सर्व्हरवर असतेच, गूगलला ती सापडलेली असते आणि करमाळ्याहून एखादी मुलगी गूगलवर शोधून थेट तीच उघडते आणि सोमवारच्या पेपरला मंगळवारी येते.

हे सगळं करूनही जुनं दिसत असेल तर मग कॅश. तुमच्या फोननं किंवा आमच्या सर्व्हरनं आधीची प्रत जपून ठेवलेली असते, लवकर उघडावं म्हणून. खाजगी विंडोत उघडून बघा, तिथं पण जुनंच असेल तर आम्हाला कळवा.

मराठी मजकूर टाइप करून पेस्ट केला तर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतोय.

मजकूर श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये आहे. या फाँटमध्ये मुळात अक्षर इंग्रजीच साठवलेलं असतं, फक्त त्याचं चित्र देवनागरीचं दाखवतात. तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फाँट आहे म्हणून तुम्हाला मराठी दिसतं, बार्शीच्या पोराच्या फोनवर तो फाँट नाही म्हणून त्याला काला दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा नंबर असतो, त्यामुळं ते कुठंही मराठीच दिसतं आणि गूगलवर सापडतं पण.

आपल्या क्लार्क लोकांचा हात वीस वीस वर्षं जुन्या टायपिंगवर बसलाय, त्यांना उद्यापासून इनस्क्रिप्ट हा युनिकोडचा कीबोर्ड शिका म्हणणं बरं नाही. ज्यांना फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहून मराठी) जमतं त्यांनी ते वापरा, ज्यांना काहीच जमत नाही त्यांनी फोनवर बोलून टाइप करा. जुना मजकूर असेल तर कन्व्हर्टरमधून काढता येतो, पण काढल्यावर डोळ्यांत तेल घालून वाचा. रफार, पहिली वेलांटी आणि 'सुऱ्या', 'कुऱ्हाड' मधला तो अर्धा र, या तीन ठिकाणी हमखास गडबड होते. एका जाहिरातीत 'कार्यालय' चा रफार उडून 'कायालय' झालं होतं आणि ते महिनाभर तसंच होतं.

नोटीस सही शिक्क्यासहित स्कॅन करून पीडीएफ टाकतो. अजून काय पाहिजे?

यावर माझं मत जरा कडक आहे. स्कॅन केलेली नोटीस म्हणजे नोटिशीचा फोटो. त्यातलं एक अक्षर गूगलला सापडत नाही, ज्याला दिसत नाही त्याच्या स्क्रीन रीडरला त्यात काहीच वाचता येत नाही, आणि फोनवर ती उघडली की दोन बोटांनी ताणून ताणून डावीकडून उजवीकडं सरकवत वाचावी लागते, वर शिक्का नेमका तारखेवर मारलेला. आपल्या जिल्ह्यात तालुके ११. सांगोला, माळशिरस, अक्कलकोट, मंगळवेढा, कुठून कुठून पोरं येतात, बहुतेकांकडं लॅपटॉप नाही, फोनवरच सगळं. त्याला फक्त एवढंच बघायचंय की फॉर्म भरायची शेवटची तारीख कोणती, एसटी पकडून यायचं का नाही.

म्हणून करायचं असं की तारीख, ठिकाण, कोणासाठी, काय आणायचं हे चार ओळींत पानावरच टाइप करा आणि खाली सही शिक्क्याची पीडीएफ जोडा. सही रेकॉर्डला लागते हे मान्य, काढा म्हणत नाही आम्ही. आणि लिंकला 'इथे क्लिक करा' असं नाव देऊ नका, 'बीएस्सी भाग दोन परीक्षा फॉर्म, शेवटची तारीख' असं द्या, म्हणजे न उघडता कळतं.

हे सगळं हौस म्हणून नाही सांगत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि सरकारी साइटसाठी जीआयजीडब्ल्यू नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २००९ पासूनची, तिसरी आवृत्ती २०२३ ची. दोन्हींचा सूर एकच, माहिती सगळ्यांना वापरता आली पाहिजे. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी, जी नोटीस वाचता येत नाही ती लावली काय आणि नाही लावली काय.

फोटो टाकल्यावर पान उघडायला वेळ लागतोय.

फोनमधला फोटो सरळ टाकलाय ना? एकेक चार पाच एमबीचा असतो, असे स्नेहसंमेलनाचे तीस टाकले तर दीडशे एमबी झाले की. रुंदी १२०० ते १६०० पिक्सेल करा, एक फोटो दोनअडीचशे केबीत बसतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. प्रत्येक फोटोला ऑल्ट मजकूर लिहा, म्हणजे फोटोत काय आहे ते एका वाक्यात. 'आयएमजी २०२३' हा ऑल्ट मजकूर नाही. आणि दीपप्रज्वलनाचे सहा फोटो नकोत, एक पुरे, दिवा तोच असतो.

वरती फिरती पट्टी आणि लुकलुकणारं 'न्यू' पाहिजे, कुलगुरू सरांना आवडतं.

नाही मिळणार. पट्टी वाचायला घ्यावी तर पुढं पळते, आणि जी हलती गोष्ट थांबवता येत नाही ती वाचणाऱ्याला त्रास देते म्हणून नियमात पण बसत नाही. लुकलुकणाऱ्या 'न्यू' चं तर विचारू नका, एका पानावर तीन वर्षांपूर्वीच्या कार्यशाळेपुढं अजून 'न्यू' लुकलुकत होतं. त्यापेक्षा नोटिशीपुढं तारीख लिहा, नवीन का जुनं ते वाचणारा ठरवतो. पिवळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं पण नकोत. अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक इतका फरक लागतो, साच्यातले रंग त्या हिशोबानं निवडलेत, ते बदलू नका.

शिष्यवृत्तीची यादी टाकायची आहे, एक्सेल आहे तशी चढवू का?

थांबा. आधी कॉलम बघा. मोबाइल नंबर, जन्मतारीख, जात, बँक खातं, आधार, यातलं काहीही बाहेर जाता कामा नये. एक्सेलमध्ये कॉलम नुसता लपवला तर तो लपत नाही, फाइल उतरवून घेणारा एका क्लिकमध्ये उघडतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झालाय, पण कायदा बाजूला राहू द्या, एखाद्या मुलीचा नंबर सगळ्या जगाला दिसतोय ही गोष्टच वाईट आहे. अर्ज क्रमांक आणि निवड झाली का नाही, एवढं बास. बाकीचं त्या विद्यार्थ्याला मेसेज करा.

उलट्या बाजूनं, जे उघड करायचंच आहे ते लपवू नका. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(१)(ख), त्यात आपण होऊन जाहीर करायच्या १७ बाबी दिल्यात. ती माहिती कार्यालयाकडून घेऊन आम्ही एका ठिकाणी ठेवतो, विभागानं वेगळी करायची गरज नाही, पण बदल कळवा.

नॅकच्या लिंक उघडत नाहीत. कमिटी येणार आहे. आज करून द्या.

हा फोन नेहमी संध्याकाळी साडेपाचला येतो. एक्यूएआर, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला द्यायचा वार्षिक अहवाल, त्यात तुम्ही साइटवरच्या फाइलींच्या लिंक देता, आणि नंतर कोणीतरी "साइट साफ करू" म्हणून ती फाइल डिलीट करतं किंवा नाव बदलून परत चढवतं. पत्ता बदलला, लिंक मेली. म्हणून नॅकसाठी दिलेल्या फाइली एका वेगळ्या पानावर ठेवा, वर मोठ्या अक्षरात 'हात लावू नये' असं स्वतःसाठी लिहा, आणि चढवायच्या आधीच नाव नीट द्या, वर्ष आणि विषय असलेलं. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन खरं' असली नावं नकोत. पान हलवणं अगदीच भाग पडलं तर आधी आम्हाला सांगा, जुन्या पत्त्यावरून नव्याकडं वळवून देतो, लिंक जिवंत राहते.

चुकून पान उडालं. परत येईल का?

पान असेल तर येईल. ट्रॅशमध्ये ३० दिवस असतं. पान आहे पण मजकूर बिघडलाय असं असेल तर रिव्हिजन उघडा, आधीच्या सगळ्या प्रती असतात, हवी ती परत आणा. मीडिया लायब्ररीतून फोटो किंवा पीडीएफ डिलीट केली असेल तर मात्र ती ट्रॅशमध्ये जात नाही, गेली ती गेलीच, मग आम्हाला बॅकअप उपसायला लागतो. बॅकअप आहे. पण आधी विभागात कोणाच्या पेनड्राइव्हवर मूळ फाइल आहे का ते बघा, ते लवकर होतं.

निकाल, हॉलतिकीट, फीची पावती?

ते परीक्षा विभागाच्या वेगळ्या सिस्टिमवर असतं. आमच्या हातात नाही, विभागाच्या पानावर फक्त तिची लिंक असते.

साइट सांभाळायची कोणी?

इथं खरी अडचण आहे, आणि ती कॉम्प्युटरची नाही. विभागात मीटिंग होते, साइटचा विषय निघतो, सगळे एकमेकांकडं बघतात आणि काम तासिका तत्त्वावरच्या सगळ्यात नवीन सरांच्या गळ्यात पडतं, कारण "त्यांना कॉम्प्युटर येतो". ते सर वर्षभर मन लावून करतात, मार्चमध्ये त्यांची नेमणूक संपते, पुढच्या वर्षी ते दुसऱ्या कॉलेजवर. लॉगिन त्यांच्याकडं, फोटो त्यांच्या फोनमध्ये, आणि जुलैमध्ये नवीन मॅडमना कोणी सांगतच नाही की असं एक काम असतं. मग साइट आहे तिथं थांबते. बाहेरचा माणूस बघतो आणि म्हणतो विभाग बंद पडला वाटतं.

त्यामुळं आम्ही लॉगिन देताना दोन नावं मागतो. एक कायम नोकरीतलं, ज्याच्यावर जबाबदारी, आणि एक जो प्रत्यक्षात हात चालवणार. पहिल्या नावावर मजकूर बरोबर असल्याची सही असते, त्याला टाइप करता आलं नाही तरी चालतं. दुसरा माणूस बदलला की त्याच आठवड्यात कळवा, आम्ही जुनं लॉगिन बंद करून नवीन देतो आणि तासभर बसून शिकवतो. जाणाऱ्यावर अविश्वास म्हणून नाही बंद करत, त्याच्या डोक्यावरचा ताप जावा म्हणून. दोन दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या सरांना अजून विद्यार्थी मेल करतात, कारण पानावर संपर्क म्हणून त्यांचंच नाव. संपर्काला विभागाचा मेल द्या, माणसाचा नको.

किती दिवसांनी अपडेट करायचं?

रोज नको. टर्म चालू होताना, टर्म संपताना आणि काही बदललं की. सहा महिने कोणी लॉगिन केलं नाही तर आम्ही पहिल्या नावाला मेल टाकतो, त्यावर रागवायचं नाही.

आमच्या पानावर गुपचूप कोणी बदल केला तर कळतं का?

कळतं. कोण, कधी, काय, सगळं रिव्हिजनमध्ये दिसतं. म्हणूनच लॉगिन वाटू नका म्हणतो, वाटलं की सगळ्या बदलांपुढं एकाच बिचाऱ्याचं नाव येतं.

तुम्हाला काम सांगायचं कसं, आणि किती वेळ लागतो?

मेल करा. "साइट चालत नाही" एवढंच लिहू नका, पानाचा पत्ता, काय करत होता, काय दिसलं आणि एक स्क्रीनशॉट, एवढं असलं की निम्मं काम तिथंच होतं. लॉगिन उघडत नसेल तर त्याच दिवशी करून देतो. नवीन पान, नवीन मेन्यू असलं काही असेल तर आठवडा धरा. संक्रांतीच्या जत्रेच्या दिवसांत आणि अ‍ॅडमिशनच्या महिन्यात थोडं जास्त. फोन फक्त साइटवर भलतंच काही दिसायला लागलं तर, मग वेळ बघू नका, रात्री पण करा.